परकर-पोलकं तीन वर्षं पुरावं म्हणून: माया कुठे ठेवायची, किती ठेवायची

लहान मुलांचे कपडे "वाढत्या अंगाचे" शिवायचे म्हणजे दोन मापं मोठे शिवायचे, असा सर्रास समज आहे. त्याचा परिणाम सगळ्यांनी पाहिलेला असतो. पहिल्या वर्षी खांदे दंडावर उतरतात, गळा घसरतो, परकर पायात येतो. दुसऱ्या वर्षी कपडा बेताचा बसतो, पण तोवर तो विटलेला असतो. मुलीच्या अंगावर तो नवा असताना नीट बसलाच नाही, असं होतं.

मूल वाढतं ते मुख्यतः उंचीत. साधारण चार ते नऊ वर्षांच्या काळात उंची दर वर्षी ५ ते ६ सेंटिमीटर वाढते, त्यातला निम्म्याहून जास्त वाटा पायांचा. छातीचा घेर वर्षाला जेमतेम पाऊण इंच वाढतो, कमर त्याहून कमी आणि गळा तर नावापुरताच. म्हणून आजच्या मापाचाच कपडा शिवावा आणि वाढीची माया, म्हणजे पुढे सोडण्यासाठी आत ठेवलेलं जास्तीचं कापड, जिथे वाढ होणार तिथेच लपवावी: परकराच्या लांबीत भरपूर, पोलक्याच्या कुशीत (काखेखालच्या बाजूच्या शिलाईत) थोडी, गळ्यात अजिबात नाही. खांद्याचं काम अवघड आहे, कारण तिथे आतून कापड सोडता येत नाही. त्यावर बाहीच्या आकारातून उपाय काढायचा.

खाली चार वर्षांच्या मुलीचं उदाहरण घेतलं आहे: छाती २२, कमर २१, खांदा १० इंच, कमरेपासून घोट्यापर्यंत २३ इंच. तुमच्या मुलीची मापं वेगळी असतील. आकडे बदला, पण माया किती आणि कुठे हे तसंच ठेवा.

कापड

आईच्या किंवा आजीच्या जुन्या साडीचा परकर सर्वांत सोपा पडतो, कारण खाली काठ तयार असतो आणि दुमडपट्टीची गरज राहत नाही. पण साडी उजेडासमोर धरून पाहा. निऱ्यांच्या भागातला खालचा काठ टाचेने घासलेला असतो आणि रेशीम घडीवर विरलेलं असतं. दोन्ही हातांनी कापड हलकेच ताणल्यावर धागे सरकले तर तो भाग सोडून द्या. तीन वर्षं टिकवायचा कपडा विरलेल्या कापडावर शिवण्यात सगळी मेहनत वाया जाते. पदराच्या अलीकडचा दोन मीटर भाग बहुधा चांगला निघतो.

साडीचा पन्हा ४४ ते ४६ इंच असतो. परकराला २८ इंच लागतात. उरलेल्या १६ ते १८ इंचांच्या पट्टीत, दुसऱ्या काठासकट, पोलकं आणि बाह्या बसतात. म्हणजे दोन मीटर साडीत जोडी पूर्ण होते.

नवीन सुती कापड घेणार असाल तर ४४ इंच पन्ह्याचं अडीच मीटर घ्या. सव्वादोन मीटरमध्ये काटेकोर बसतं, पण आटल्यावर हात आखडतो. गुळेदगुड्डच्या हातमागाच्या खणाचा पन्हा कमी असतो, तेव्हा दुकानातच टेप लावून पाहा आणि गरज असेल तर जास्त घ्या.

सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, इस्त्री करा. ही पायरी इथे टाळता येत नाही. परकराला पुढे सोडता येतील असे टक, म्हणजे आडव्या दुमडून शिवलेल्या पट्ट्या, घालायचे आहेत. टकांच्या घडीत कापडाचे थर असतात. न आटवलेलं कापड नंतर आटलं की टाक्याच्या रेषेत सुरकुत्या पडतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. खण किंवा रेशीम भिजवू नका. ओला पांढरा रुमाल उलट्या बाजूला घासून रंग लागतो का, ते तेवढं बघा.

दोरा पॉलिएस्टरचा घ्या, तो आटत नाही. सुती कापडाला १४ नंबरची सुई, रेशमाला ११ नंबरची.

परकर: कापणी

तयार उंची २२ इंच ठेवा, म्हणजे घोट्यापेक्षा एक इंच वर. घोट्याखाली गेलेला परकर जिना चढताना पायात येतो. कापायची उंची अशी:

तयार उंची २२
नेफा (इलास्टिक ओवायची वरची दुमड) दीड
तीन टक, प्रत्येकी दीड इंच, मिळून साडेचार
एकूण २८ इंच

कमरेपासून घोट्यापर्यंतचं माप वर्षाला सुमारे दीड इंच वाढतं, म्हणून प्रत्येक टक दीड इंच कापड खाणारा. वर्षाला एक टक सोडायचा. काठ नसलेलं कापड असेल तर खालच्या दुमडपट्टीला आणखी २ इंच धरा, म्हणजे ३० इंच.

घेर कमरेच्या तिप्पट तरी हवा. २१ कमरेला ६३ इंच होतात, पण दोन मीटर ठेवलात तर परकर छान उसळतो. पुढे अंग भरलं तरी घेर कमी पडत नाही, म्हणून घेरात वेगळी माया ठेवायची गरज नाही.

परकर: टक

टक घालताना बहुतेक जण कापड सपाट असताना टीप मारतात आणि मग बाजूची शिलाई जोडतात. शिवायला ते सोपं आहे. पण टकाची दोन्ही टोकं बाजूच्या शिलाईत अडकतात, आणि वर्षाने टक सोडायचा म्हटला की ती शिलाईही उसवावी लागते. म्हणून आधी बाजूची शिलाई मारून कापडाचं गोल करा आणि मग गोलातच टक घाला.

शिलाईच्या आतल्या दोन्ही कडा उघडून सपाट इस्त्री करा. आता काठाच्या वरच्या कडेपासून वर मोजत, कापडाच्या उलट बाजूला, खडूने रेषा आखा. पूर्ण गोलात दर चार-पाच इंचांवर खूण करून मग जोडा, नुसत्या नजरेवर जाऊ नका.

पहिला टक: पाऊण, दीड, सव्वादोन इंचांवर
दुसरा टक: सव्वातीन, चार, पावणेपाच
तिसरा टक: पावणेसहा, साडेसहा, सव्वासात

प्रत्येक टकातली मधली रेषा घडीची. तिच्यावर कापड सुलट बाजू बाहेर ठेवून दुमडा, म्हणजे खालची आणि वरची रेषा एकमेकींवर येतील. तिथे टाचण्या लावा आणि टीप मारा. टक खाली पाडून इस्त्री केली की पहिल्या टकाची घडी नेमकी काठाच्या कडेला टेकते आणि पुढच्या दोन टकांमध्ये पाव इंचाची फट राहते. हे टक नक्षीसारखे दिसतात. परकर वाढता आहे हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही.

टकाची टीप नेहमीपेक्षा मोठी ठेवा, इंचात ६ ते ७ टाके. इतर सगळी शिलाई इंचात १० ते १२. वरच्या दोऱ्याचा ताण थोडा सैल करा. बॉबिनमध्ये कापडापेक्षा एक छटा फिका दोरा भरा. उसवताना तो लगेच दिसतो, तो कापत गेलं की वरचा दोरा सबंध ओढून निघतो आणि कापडाला कात्री लागत नाही. रेशमावर मात्र मशीन नको. सुईची भोकं रेशमात कायमची राहतात. तिथे बारीक सुईने हाताने धावदोरा घाला, टाका पाव इंचाचा.

दुमडताना घडी तिरकी गेली तर टक पिळलेला दिसतो आणि परकराचा खालचा घेर एका बाजूला ओढला जातो. कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: रेषा खालच्या काठापासून न मोजता वरच्या कापलेल्या कडेपासून मोजलेल्या असतात. वरची कड सरळ असेलच असं नाही, काठ मात्र सरळ असतो.

अस्तर लावायचं असेल तर ते फक्त कमरेला जोडा, खाली मोकळं ठेवा. ते परकरापेक्षा २ इंच आखूड असावं. अस्तर दिसत नाही, तेव्हा त्याला २ इंच खोल एकच टक पुरे. त्यातून चार इंच मिळतात.

परकर: कमर

चार-पाच वर्षांपर्यंत पोट आणि कमर यात फरक नसतो, त्यामुळे नुसत्या नाडीवर परकर टिकत नाही. नाडी घट्ट बांधली तर वळ उठतात, सैल बांधली तर परकर खाली येतो. एक इंच रुंद इलास्टिक घाला आणि आतून पट्टे द्या.

वरची कड पाव इंच दुमडून मग सव्वा इंचाचा नेफा शिवा. मागच्या बाजूला दोन इंच तोंड उघडं ठेवा. ते शिवून बंद करू नका, एक चपटं बटण आणि काज करा. इलास्टिक कमरेपेक्षा दोन इंच कमी, अधिक तीन इंच जास्तीचं: इथे १९ अधिक ३, म्हणजे २२ इंच. जास्तीचा तुकडा नेफ्यातच आत सारा आणि १९ इंचांवर हाताने चार घट्ट टाके घाला. पुढच्या वर्षी बटण काढून ते टाके एक इंच सरकवायचे, एवढंच काम.

पट्टे साडेतीन इंच रुंद कापून दीड इंचाचे तयार करा, लांबी सुमारे २० इंच. पुढून नेफ्याला पक्के शिवा, पाठीवर फुलीसारखे आडवे न्या. मागच्या टोकाला एकेक इंचावर तीन काजं, नेफ्याच्या आतून एकेक बटण. पोलक्याखाली पट्टे दिसत नाहीत. परकराचा भार खांद्यावर गेल्यामुळे इलास्टिक सैलसर ठेवता येतं, आणि मूल दिवसभर तो अंगावर ठेवतं.

पोलकं: खांदा आणि मुंढा

छाती २२ अधिक ३ इंच सैलपणा, म्हणजे तयार घेर २५. पुढचा भाग साडेबारा अधिक दोन्ही कुशींना एकेक इंच माया, कापायची रुंदी साडेचौदा. मागचे दोन भाग प्रत्येकी पावणेदहा: सव्वासहा अंगाचे, एक इंच कुशीची माया, अडीच इंच बटणपट्टीला. उंची तयार १३ इंच, खाली २ इंच दुमड, वर अर्धा इंच.

मुंढ्याची (बाही जोडायच्या गोलाची) खोली छातीचा चौथा हिस्सा अधिक अर्धा इंच, इथे ६ इंच. पहिल्या वर्षी काखेत किंचित सैल वाटेल. तिसऱ्या वर्षी छाती २४ झाली की हाच मुंढा बरोबर बसतो. काखेत काचणारा कपडा मूल अंगावर ठेवतच नाही, आणि मुंढा नंतर खोल करता येत असला तरी त्यात बाही पुरी उसवावी लागते. म्हणून ही माया सुरुवातीलाच द्या.

खांदा आजच्या मापाचाच कापा. बाही मात्र फुग्याची ठेवा. फुग्याची बाही खांद्याच्या टोकाच्या थोडी आत बसली तरी चांगलीच दिसते. तिसऱ्या वर्षी खांदा दोन्ही बाजूंना अर्धा इंच आखूड पडतो आणि फुगा तेवढी जागा भरून काढतो. साधी सपाट बाही असती तर तिथेच ताण येऊन शिलाई फाटली असती. बाही १५ इंच रुंद, ८ इंच उंच कापा, घुमटाची (बाहीच्या वरच्या गोलाईची) उंची ४ इंच. वरच्या मधल्या चार इंचांतच चुण्या घाला. खाली काठ येऊ द्या आणि काठाच्या वर अर्ध्या इंचाची पट्टी लावून त्यात बारीक इलास्टिक. पक्की घट्ट पट्टी नको, दंड भरला की ती रुतते.

गळा आजचाच. मोठा कापलात तर तीन वर्षं खांद्यावरून घसरत राहील.

पोलकं: शिवायचा क्रम

१. खांदे जोडा, गळ्याला उरेब (तिरकी कापलेली) पट्टी लावा.

२. बाही मुंढ्याला सपाट असतानाच जोडा. कुशी अजून उघड्या हव्यात.

३. आता बाहीच्या काठापासून काखेतून पोलक्याच्या खालपर्यंत एकाच सलग टिपेने कूस शिवा, माया एक इंच.

या क्रमावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आधी कूस शिवून गोल मुंढ्यात बाही बसवली, जशी बरेच शिंपी बसवतात, तर कूस सोडताना बाहीचा मुंढा आणि कूस यांचा मेळ बसत नाही. सलग टीप असेल तर तिच्या अर्धा इंच बाहेरून दुसरी टीप मारायची, जुनी उसवायची, दहा मिनिटांत काम होतं. कुशीच्या चार कडांतून अर्धा-अर्धा इंच, म्हणजे घेरात २ इंच मिळतात आणि शिलाईला अर्धा इंच उरतो.

काखेतल्या वळणावर कापड ओढू नये म्हणून कात दिला जातो, म्हणजे मायेला कात्रीने छोट्या चिरा देतात. इथे कात कडेपासून पाव इंचाच्या आतच थांबवा. टिपेपर्यंत कात दिलात की माया संपली, तिथून पुढे कधीच सोडता येणार नाही. वळण उथळ ठेवलं तर कात न देताही चालतं.

४. कुशीच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या इंटरलॉक करून इस्त्रीने उघडा. इंटरलॉक दुकानात देणार असाल तर "कड कापू नका, दोन थर एकत्र करू नका" हे स्पष्ट सांगा. मशीनची पाती जाता जाता अर्धा इंच उडवते. काठातली जरी टोचते, म्हणून काठाच्या कडांना आतून मलमलची पट्टी लावा.

५. अस्तर असेल तर पहिल्या पायरीच्याही आधी प्रत्येक भागाचं कापड आणि अस्तर एकावर एक ठेवून कडेने कच्चे टाके घाला आणि दोन्ही एकच कापड समजून शिवा. पिशवीसारखं उलटवून लावलेलं अस्तर आतून सफाईदार दिसतं, पण कूस सोडायची वेळ आली की सगळं पोलकं उसवावं लागतं.

६. पाठीमागे बटणपट्टी पाऊण इंच एकावर एक येईल अशी करा. बटणं सरकवून अर्धा इंच मिळतो. त्याहून जास्त सरकवू नका, गळा मागून रुंद होतो.

७. खालची दोन इंचांची दुमड हाताने हेम करा. साडीच्या पट्टीतून कापलं असेल तर दुसरा काठ याच दुमडीत आत ठेवा. दुसऱ्या वर्षी दुमड सोडली की तो खाली उतरतो. काठाचा रंग वेगळाच असल्यामुळे विटलेल्या आणि न विटलेल्या कापडातला फरक तिथे उठून दिसत नाही.

सोडताना

आधी कपडा धुवा, मग उसवा, मग इस्त्री करा. घडीच्या कडेला मळ साचलेला असतो. तो न काढता गरम इस्त्री फिरवली तर रेघ पक्की होते. उसवण्यापूर्वी घडीवर साबणाचा मऊ ब्रश फिरवा. टाक्यांची भोकं सुती कापडात ओलसर फडक्यावरून इस्त्री करून नखाने आडवं-उभं खरवडलं की बहुतेक मिटतात. घडीची खूण राहिली तर पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून फडकं भिजवा आणि त्यावरून इस्त्री करा, आधी आतल्या कडेवर करून पाहा.

टक वरून खाली सोडत या, म्हणजे तिसरा आधी. उरलेले टक काठाजवळ एकत्र राहतात आणि परकर अर्धवट दिसत नाही. रोज घालायच्या सुती परकरावर सोडलेल्या टकाच्या जागी दीड इंचाचा गडद पट्टा दिसतो, कारण टकाच्या खालचं कापड आणि टकाची आतली बाजू या दोहोंना ऊन लागलेलं नसतं. तो पट्टा घालवता येत नाही. त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवर बारीक लेस किंवा साखळी टाक्याची एकेक ओळ घाला. रंगांची सीमा झाकली की मधला पट्टा मुद्दाम केल्यासारखा दिसतो. सणासुदीलाच घालायच्या खणाच्या परकरात हा प्रश्न सहसा येत नाही.

उरलेल्या कापडाची एक चार इंची पट्टी कडा शिवून ठेवा आणि दर धुण्यात परकराबरोबर धुवून उन्हात वाळत घाला. ती कपड्याबरोबरच विटते, आणि पुढे ठिगळ किंवा जोड लागला तर रंग जुळतो.

मुलग्यांचा लेंगा-कुर्ता

कुर्त्याला वरचेच नियम लागू पडतात: कुशीत माया, खाली दुमड, सलग टीप. बाजूच्या चिरा तेवढ्या आठ-दहा इंच ठेवा, उंची कमी पडू लागली तरी चालताना कुर्ता अडत नाही.

लेंग्यात मात्र लांबीपेक्षा आसन (कमरेपासून दोन पाय जुळतात तिथपर्यंतचा भाग) आधी कमी पडतं, आणि तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पाय सोडून लांब केलेला लेंगा बसताना मागून ओढतो आणि आसनाच्या चौकात फाटतो. म्हणून कमरेला अडीच इंचांचा नेफा करून मध्ये एक आडवी टीप मारा, म्हणजे दोन बोगदे होतात. पहिली दोन वर्षं इलास्टिक खालच्या बोगद्यात घाला आणि वरचा भाग आत दुमडून दोन टाक्यांनी धरा. आसन कमी वाटू लागलं की इलास्टिक वरच्या बोगद्यात न्या. सव्वा इंच आसन मिळतं, आणि पाय तेवढेच खाली उतरतात, त्यामुळे खालची दुमड लांबी कमी पडेल तेव्हाच सोडा. तिच्यासाठी सुरुवातीला तीन इंच धरा.